गरम ड्रिल बोअरमध्ये पुन्हा पुन्हा अडकतंय? आधी पाण्याचा हिशेब लावा

गरम ड्रिलच्या तळाची तापलेली रिंग, म्हणजे हेड, बर्फात गोल खाच वितळवत खाली जाते, आणि मधला बर्फाचा दंडगोल, म्हणजे कोअर, वरच्या नळीत, म्हणजे बॅरलमध्ये, शिरतो. हिमनदीत असं ड्रिल सोडणाऱ्या तुकड्यांची तक्रार साधारण एकाच क्रमाने येते. सुरुवातीचे काही मीटर काम सुरळीत चालतं. मग एखाद्या फेरीत वेग थोडा पडतो. पुढच्या फेरीत ड्रिल ठरलेल्या खोलीच्या हातभर वरच टेकतं. काल जिथे मोकळा बोअर होता, तिथे आज बर्फ लागतो. वर ओढताना विंचवरचा ताण वाढू लागतो, बॅरलच्या बाहेरच्या अंगाला बर्फाचे पापुद्रे चिकटून येतात, कोअर निघतो तो चकत्या होऊन. आणि एक दिवस ड्रिल खालीच राहतं. कसंबसं सोडवलं, तरी थोड्याच फेऱ्यांनी पुन्हा तेच.

अशा वेळी पहिला हात व्होल्टेजच्या नॉबकडे जातो. वेग पडला म्हणजे उष्णता कमी पडतेय, असा सरळ विचार त्यामागे असतो. माझं याबाबत ठाम मत आहे की उष्णता क्वचितच कमी पडते. त्रास असतो तो वितळून झालेल्या पाण्याचा. ते किती झालं, कुठे गेलं आणि किती वेळात गोठलं, हे कळलं की वारंवार अडकण्याचं कारण बहुतेक वेळा हाती लागतं. नुसती पॉवर वाढवली तर पाणी आणखी होतं आणि पुढची फेरी जास्त अवघड जाते.

एका मीटरला किती पाणी?

हा हिशेब मोहिमेआधी एकदाच करायचा आणि विंचशेजारी लावून ठेवायचा. उदाहरणासाठी ११० मिमी बाहेरचा व्यास, ८५ मिमी आतला व्यास आणि २ किलोवॅटचा हीटर असलेलं हेड धरू. रिंग जेवढा बर्फ वितळवते त्याचं क्षेत्रफळ होतं सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर. एक मीटर खाली जाताना ३.८ लिटर बर्फ वितळतो, त्याचं वजन साधारण साडेतीन किलो, म्हणजे साडेतीन लिटर पाणी.

शून्य अंशावरच्या १ किलो बर्फाचं पाणी करायला ३३४ किलोज्यूल लागतात. म्हणजे मीटरमागे सुमारे १.१७ मेगाज्यूल, आणि सगळी उष्णता कामी आली तर २ किलोवॅटमध्ये तासाला ६ मीटर. प्रत्यक्षात याच्या दोन-तृतीयांश वेग मिळाला तरी मी समाधानी असतो.

आता बर्फ उणे २० अंशांचा आहे असं समजा. त्याला आधी शून्यापर्यंत आणायला किलोमागे आणखी ४२ किलोज्यूल लागतील. खर्च वाढला तो जेमतेम आठव्या हिश्श्याने. म्हणून थंड बर्फात वेग निम्म्यावर आला असेल आणि कोणी ‘बर्फ थंड आहे’ एवढंच कारण देत असेल, तर ते पटवून घेऊ नका. काही उष्णता भिंतीत आणि कोअरमध्ये झिरपते हे खरं, पण उरलेली तूट दुसऱ्या कशामुळे तरी आहे.

या आकड्याचा मुख्य उपयोग मात्र वेगासाठी नाही, पाण्यासाठी आहे. वितळलेलं पाणी शोषून घेणाऱ्या टाकीचं ड्रिल असेल तर प्रत्येक फेरीनंतर टाकीतलं पाणी मोजा आणि वहीत लिहा. दोन मीटरच्या फेरीला सात लिटर यायला हवं. चारच आलं, तर तीन लिटर बोअरमध्ये राहिलं. या बोअरमध्ये एका मीटरला साडेनऊ लिटर मावतं. तेव्हा हे तीन लिटर गोठून तळाशी फूटभराहून जाड बूच तयार होतं. पुढच्या फेरीत ड्रिल ‘हातभर वर टेकतं’ ते यामुळेच.

उलटही होतं. टाकीत सातऐवजी नऊ लिटर आलं, तर हेड एका जागी गरजेपेक्षा जास्त वेळ थांबलेलं आहे आणि आजूबाजूची भिंत विनाकारण वितळवतं आहे. कोअरचा व्यास कॅलिपरने मोजा. ८५ मिमीच्या जागी ८० मिमीचा कोअर येत असेल, तर शंकेला जागा नाही. कमी पाणी आणि जास्त पाणी ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. ही नोंद नसेल तर दोन्ही वेळा फक्त ‘वेग पडला’ एवढंच दिसतं.

वीज खरंच हेडपर्यंत पोचते का?

पाण्याकडे वळण्याआधी ही तपासणी करून टाका, कारण तिला दहा मिनिटं लागतात. जनरेटरजवळच्या मीटरवर दिसणारी पॉवर हेडला मिळत नसते. ३०० मीटर केबल, २.५ चौरस मिमी तांबं, जायची आणि यायची तार धरून रोध होतो सुमारे ४.२ ओहम. २३० व्होल्टवर २ किलोवॅट देणाऱ्या हीटरचा रोध असतो साडेसव्वीस ओहम. दोन्ही मिळून हेडला मिळतात सुमारे १,४९० वॅट, म्हणजे चौथा हिस्सा गेला. त्यातले दोनशेहून अधिक वॅट केबलमध्येच जळतात, आणि ड्रमवर गुंडाळलेली केबल त्यामुळे तापते. उपाय म्हणजे व्होल्टेज जास्त आणि करंट कमी ठेवणारा हीटर निवडणं. तो मोहिमेआधीच करावा लागतो. तंबूत बसून होत नाही.

हेडमध्ये अनेक काड्यांचे हीटर असतील तर प्रत्येकाचा रोध स्वतंत्र मोजा. एक काडी गेली की त्या बाजूचा बर्फ उशिरा वितळतो, बोअर कलू लागतो, आणि कललेल्या बोअरमध्ये बॅरल एका अंगाने घासत राहतं. केबल सैल सोडून ड्रिलचा सगळा भार तळावर टेकवला तरी हेच होतं. ड्रिल लंबकासारखं लटकत राहावं, थोडा भार केबलवर कायम असावा.

उंचीचाही परिणाम असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला ढोबळमानाने दहा टक्क्यांनी घटते. पेरूमधल्या केल्काया हिमटोपीचा माथा ५,६७० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा. तिथे १९७९ मध्ये हेलिकॉप्टरने जड यंत्रसामग्री पोचवण्याचा प्रयत्न फसला. मग ओहायो स्टेट विद्यापीठाच्या लॉनी थॉम्पसन यांच्या गटासाठी ब्रूस कोसी यांनी सौर पॅनलवर चालणारं हलकं गरम ड्रिल बनवलं, आणि १९८३ मध्ये त्याने तळखडकापर्यंत दोन कोअर काढले: एक १५४.८ मीटर, दुसरा १६३.६ मीटर. थोडीशी वीज बर्फ वितळवायला पुरते याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

त्याच उंचीवर शोषण पंपाचंही गणित बदलतं. समुद्रसपाटीला पोकळी जास्तीत जास्त दहा मीटर पाणी वर खेचू शकते. केल्कायाच्या उंचीवर पाच. गावी चाचणीत उत्तम चाललेला पंप हिमनदीवर दमत असेल, तर पंपात बिघाड शोधत बसण्याआधी नळीची उभी उंची मोजा. टाकी हेडच्या जितकी जवळ तितकं बरं.

बर्फाचं तापमान मोजल्याशिवाय उपाय निवडू नका

एका हिमनदीत चाललेला उपाय दुसरीत घात करतो तो इथे. केल्कायाचा बर्फ जवळजवळ शून्यावर आहे. तिथे वितळलेलं पाणी पाणीच राहतं. ग्रीनलँडमधल्या कॅम्प सेंच्युरीला वरचा बर्फ उणे २४ अंशांच्या आसपास, तळाशी उणे १३. अंटार्क्टिकातल्या व्होस्तोकला वरचा बर्फ उणे ५७. उंच पर्वतांतल्या कित्येक हिमनद्या मिश्र असतात: वर थंड, खाली शून्याजवळ, किंवा पाणी झिरपणाऱ्या भागात याच्या उलट.

म्हणून बोअरमध्ये थर्मिस्टरची माळ सोडा आणि दर काही मीटरवर तापमान घ्या. ड्रिलने सोडलेली उष्णता विरायला वेळ द्यावा लागतो, लगेच घेतलेलं मोजमाप नेहमी जास्त दाखवतं. कोरड्या थंड भागात १० ते १५ मीटर खाली तापमान वर्षभर जवळपास स्थिर असतं आणि ते तिथल्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या जवळ असतं. सुरुवातीचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

तापमान इतकं का महत्त्वाचं, ते गोठण्याच्या वेळेवरून कळतं. बॅरल आणि भिंत यांच्यातल्या फटीत पाणी आहे आणि भिंत उणे २० अंशांची आहे. त्या भिंतीवर ३ मिमी जाडीचा बर्फ जमायला ढोबळ हिशेबाने सात-आठ मिनिटं लागतात. भिंत उणे १० असेल तर जवळपास अर्धा तास. थंडी निम्मी झाली की हाताशी असलेला वेळ चौपट होतो. जनरेटरमध्ये इंधन भरायला, केबलचा गुंता सोडवायला किंवा चहा घ्यायला किती वेळ थांबता येईल, हे या आकड्यावरून ठरवायचं. उणे २० मध्ये माझा नियम असा की पाण्यात उभं असलेल्या ड्रिलची वीज कधीही बंद करायची नाही. जनरेटर अडखळतोय असा आवाज आला, तरी आधी ड्रिल पाण्याच्या पातळीच्या वर घ्या, मग जनरेटरकडे पाहा.

वरच्या सच्छिद्र थरात: पाणी मुरतंय

हिमनदीच्या वरच्या भागात घट्ट बर्फ नसतो. तिथे दबत चाललेला जुना हिम असतो, त्याला फिर्न म्हणतात. त्यातल्या हवेच्या वाटा घनता घनमीटरला ८३० किलोच्या आसपास पोचली की बंद होतात. मध्य अंटार्क्टिकात ही खोली शंभर मीटरच्या आसपास जाते, उबदार पर्वतांत ती पुष्कळ कमी असते.

गरम ड्रिल फिर्नमध्ये वापरलं की पाणी टाकीत कमी येतं, कारण ते बाजूच्या थरात मुरतं. थंड फिर्नमध्ये ते थोडं आत जाऊन गोठतं आणि बोअरभोवती बर्फाची कडी तयार होते. अशा दोन-तीन कड्या झाल्या की ड्रिल खाली जाताना जातं, वर येताना अडतं. याहून मोठं नुकसान कोअरचं होतं. मुरलेलं पाणी कोअरमध्येही शिरतं, आणि वर्षावर्षांच्या थरांमधला ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा फरक पुसट होतो. जुन्या हवामानाच्या ज्या नोंदीसाठी एवढ्या उंचीवर सगळं ओझं वाहून नेलं, तीच नोंद बिघडते.

इथे उपाय एकच, आणि त्यात तडजोड करू नये: फिर्न संपेपर्यंत फिरत्या पात्याचं यांत्रिक ड्रिल वापरायचं, घट्ट बर्फ लागला की गरम ड्रिल उतरवायचं. दोन ड्रिल नेणं जड जातं हे मान्य. तरीही फिर्नमध्ये गरम ड्रिल चालवून वाचवलेलं वजन पुढे अडकलेलं ड्रिल सोडवण्यात दुपटीने भरावं लागतं.

थंड घट्ट बर्फात: टाकी की इथेनॉल?

बहुतेक अडकाअडकी इथे होते. हेडभोवतीचं पाणी गरम असतं, ते बॅरलच्या बाहेरून वर चढतं आणि हेडपासून मीटर-दीड मीटरवर, जिथे काहीच गरम नसतं तिथे गोठतं. हेड खाली मोकळं असतं, बॅरलचा वरचा भाग पकडला जातो. म्हणून हेडची पॉवर वाढवून ते सुटत नाही. उष्णता चुकीच्या टोकाला आहे.

टाकीचं ड्रिल असेल तर चार ठिकाणं तपासा. शोषण नळीचं तोंड हेडच्या किती जवळ आहे. ते वर असेल तर तेवढं पाणी दर फेरीला मागे राहतं. नळीला तिच्या सगळ्या लांबीभर गरम तार आहे का, की वळणावर ती संपते. नळी नेमकी वळणावर गोठते. टाकीची क्षमता एका फेरीच्या पाण्यापेक्षा जास्त आहे का. दोन मीटरच्या बॅरलला सहा लिटरची टाकी असेल तर शेवटचे तीसेक सेंटिमीटर तुम्ही दर वेळी बुचासाठी पाणी सोडत आहात. फेरी आखूड करा, टाकीचं गणित आपोआप बसेल. शेवटचं म्हणजे, वर आल्यावर टाकी पूर्ण रिकामी होते का. तळाशी उरलेलं पाणी तंबूबाहेर गोठलं की पुढच्या फेरीला क्षमता घटलेली असते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

बूच तयार होत असेल तर ते कोअरमध्ये दिसतं, फक्त नीट पाहावं लागतं. हिमनदीच्या बर्फात बुडबुडे सगळीकडे विखुरलेले असतात. पुन्हा गोठलेल्या बर्फाच्या कडा स्वच्छ असतात, आणि फ्रिजमधल्या बर्फाच्या तुकड्यात असतो तसा पांढुरका ढग मध्यभागी जमतो, बुडबुडे बाहेरून आत रेषेत ओढल्यासारखे दिसतात. असा तुकडा कोअरच्या वरच्या टोकाला आला, तर त्याची लांबी हिमनदीच्या खोलीत धरू नका. वेगळ्या पिशवीत घाला आणि पिशवीवर स्पष्ट लिहा. पुढे हे कोअर महिनोन्महिने शीतकोठारात राहतात. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत अशा उणे २० अंशांच्या खोल्या आहेत. तिथे तुकडा कापणाऱ्याला बोअरवर काय घडलं ते फक्त तुमच्या नोंदीतून कळतं.

दुसरा मार्ग म्हणजे पाणी काढायचंच नाही, त्यात इथेनॉल मिसळून ते गोठू द्यायचं नाही. ही पद्धत लेनिनग्राडच्या आर्क्टिक-अंटार्क्टिक संशोधन संस्थेत मोरेव्ह यांनी रुजवली आणि पुढे ओहायो स्टेटच्या गटात व्हिक्टर झागोरोदनोव्ह यांनी उंच पर्वतांतल्या हिमनद्यांसाठी हलकी ड्रिलं त्यावर बेतली. वजनाने २० टक्के इथेनॉल असलेलं पाणी सुमारे उणे ११ अंशांना गोठू लागतं, ३० टक्क्यांना उणे २०, ४० टक्क्यांना उणे २९. आपल्या उदाहरणात उणे २० च्या बर्फाला मीटरमागे दीड किलो, म्हणजे १.९ लिटर इथेनॉल लागतं. शंभर मीटरला १९० लिटर. ते कोण वाहून नेणार हे आधी ठरवा.

इथेनॉल वापरूनही ड्रिल अडकतं, आणि तेव्हा कारण बहुतेक एकच असतं: बोअरमध्ये बर्फाचा लगदा. मिश्रण हेडजवळच्या तापमानाला बरोबर बनवलेलं असतं. पण बऱ्याच थंड हिमनद्यांत खालचा बर्फ वरच्यापेक्षा उबदार असतो. उणे ५ अंशांना स्थिर असलेलं सौम्य मिश्रण ड्रिलच्या खेचण्याने उणे १५ च्या थरात चढलं की त्यातून बर्फाचे कण सुटतात, आणि ड्रिल पिस्टनसारखं त्या लगद्याला वर ढकलत घट्ट करतं. म्हणून प्रमाण ठरवताना ड्रिल आज कुठे आहे ते पाहू नका. मिश्रण ज्या सर्वांत थंड थराला शिवणार आहे, त्या थराचं तापमान पाहा. उबदार थरात हे मिश्रण थोडं तीव्र ठरेल आणि भिंत जराशी विरघळवेल. बोअर काही मिलिमीटर रुंद झाला तर चालतं. कोअरही थोडा झिजतो. त्याची बाहेरची साल रसायनांच्या चाचणीआधी कापून टाकायचीच असते.

लगदा झाला म्हणून वरून इथेनॉल ओतण्याची घाई केली जाते. ते खालपर्यंत पोचत नाही. शुद्ध इथेनॉलची घनता पाण्याच्या ०.७९ पट, मिश्रणापेक्षा ते हलकं; ते वर तरंगत राहतं आणि वरचीच भिंत विरघळवतं. बारीक नळी वजन बांधून लगद्याच्या पातळीपर्यंत सोडा आणि तिथेच थोडं थोडं द्या. वर ओढण्याचा वेगही कमी ठेवा. आणि इथेनॉलचे डबे स्टोव्हच्या तंबूत ठेवू नका. त्याची वाफ १३ अंशांनाही पेट घेऊ शकते.

शून्याजवळच्या बर्फात: गाळ

इथे गोठण्याची भीती नाही, बोअर पाण्याने भरलेला असतो. तरीही वेग हळूहळू पडत जातो, आणि टाकी नसल्यामुळे पाण्याचा हिशेबही लागत नाही. अशा वेळी बहुधा धूळ असते. हिमालयात, तिबेटात, अँडीजमध्ये बर्फात धुळीचे थर असतात, ज्वालामुखीजवळ राख असते. बर्फ वितळतो, धूळ वितळत नाही. ती हेडखाली साचते आणि उष्णता बर्फापर्यंत जाऊ देत नाही. हेडमध्ये तापमापी असेल तर लक्षण स्पष्ट दिसतं: पॉवर तीच, वेग कमी, हेडचं तापमान चढतं. तापमापी नसेल तर कोअर बारीक होत जाणं हीच खूण.

पॉवर वाढवली तर हीटर जळतो. ड्रिल वर घ्या, गाळ उपसणारी नळी किंवा बेलर सोडून तळ साफ करा, मग पुढे जा. दर फेरीला गाळ येत असेल तर तो थर यांत्रिक ड्रिलने पार करा. तळखडकाजवळ खडे लागू लागले की गरम ड्रिलचं काम संपलं.

कोअर पाण्यात फार वेळ ठेवू नका. बॅरल भरलं की लगेच वर.

चकत्या झालेला कोअर

उणे २० च्या बर्फाची बाहेरची साल शून्यावर आणली की आतल्या आणि बाहेरच्या प्रसरणात फरक पडतो. बर्फ अंशामागे लाखात पाच भाग प्रसरतो. हा फरक पूर्ण दाबून धरला तर दहा मेगापास्कलहून जास्त ताण तयार होऊ शकतो. बर्फ ओढला असता साधारण एक मेगापास्कलला तुटतो. प्रत्यक्ष ताण याहून कमी असतो, तरी चकत्या पडायला पुरेसा. इथे उलटा वाटणारा उपाय उपयोगी पडतो: ड्रिल सावकाश चालवू नका. हेड जितकं हळू, तितकी कोअरमध्ये उष्णता जास्त शिरते. वेग ठेवा, रिंग पातळ ठेवा. फार थंड बर्फात यालाही मर्यादा आहे. कॅम्प सेंच्युरीला अमेरिकी लष्कराच्या शीतप्रदेश प्रयोगशाळेचं गरम ड्रिल १९६४ मध्ये ५३५ मीटरपर्यंत पोचलं. पुढचं काम विजेवरच्या यांत्रिक ड्रिलने झालं आणि १९६६ मध्ये १,३८७ मीटरवर तळ लागला. व्होस्तोकला सोव्हिएत तुकड्यांनी द्रव भरलेल्या बोअरमध्ये गरम ड्रिल अडीच हजार मीटरपर्यंत नेलं, आणि त्याखाली तेही यांत्रिक ड्रिलवर गेले.

आत्ता अडकलंच असेल तर

वीज चालू ठेवा, पण निम्म्यावर आणा. हेड कोरडं पडलं असेल तर पूर्ण पॉवरने ते जळेल. केबलवर मध्यम, स्थिर ताण द्या आणि तसाच राहू द्या. झटके देऊ नका. झटक्याने ड्रिल सुटण्यापेक्षा केबल मुळाशी तुटण्याची शक्यता जास्त, आणि वीज व दोर दोन्ही एकदम गेले की हाती काही उरत नाही.

पकड बॅरलच्या वरच्या टोकाला असते, म्हणून गोठणरोधक तिथे पोचवायचा. बोअरमध्ये पाणी असेल तर इथेनॉलपेक्षा इथिलीन ग्लायकॉल बरा, कारण तो पाण्याहून जड आहे, घनता १.११, तो स्वतःहून खाली उतरतो आणि फटीत शिरतो. मात्र तो विषारी आहे. मोजून वापरा, काम झाल्यावर उपसून परत न्या, आणि छावणीचं पाणी ज्या बाजूने घेता त्या उताराचा आधी विचार करा. ग्लायकॉल दिल्यावर काही तास थांबायची तयारी ठेवा. ताण अचानक कमी झाला, की विंच हळू चालवा आणि हेड पाण्याबाहेर येईपर्यंत थांबू नका.

सुटल्यावर त्याच संध्याकाळी पुढची फेरी काढू नका. ड्रिलच्याच बाहेरच्या व्यासाचा दोन मीटर पाइप केबलला बांधून तळापर्यंत सोडा. तो जिथे घासतो त्या खोल्या वहीत मांडा आणि तापमानाच्या नोंदीशेजारी ठेवून पाहा. अरुंद जागा सर्वांत थंड थरात असेल तर इथेनॉलचं प्रमाण चुकलं आहे, फिर्नच्या सीमेवर असेल तर पाणी मुरतं आहे, तळाजवळ असेल तर टाकी अपुरी आहे. ती जागा हेड निम्म्या पॉवरवर वरखाली फिरवून मोकळी करा, पाइप पुन्हा सोडा, आणि तो न घासता तळापर्यंत पोचेस्तोवर कोअरसाठी ड्रिल उतरवू नका.